पंधरा सेकंदांचे शंभर कोटी

भोपाळकरांना ‘नुकसानभरपाई’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वायुकांडाची तडजोड झाली, तेव्हा हजारो मृत आणि लाखो बाधित यांच्यासाठी ४७ कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ७१५ कोटी रुपये ठरले. हा आकडा स्मरणात असलेल्या वाचकाला पुण्याच्या न्यायालयाचा २०११ चा एक निकाल चकित करील.

१० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. तीत उल्लेख एका उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींचा होता. नामसाधर्म्यामुळे छायाचित्र मात्र झळकले सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. अवघे पंधरा सेकंद! चूक निदर्शनास आणल्यावर चित्र थांबले; जाहीर दिलगिरी पडद्यावर उमटायला २३ सप्टेंबर उजाडला. सावंतांनी दावा लावला आणि २६ एप्रिल २०११ रोजी शंभर कोटींचा हुकूमनामा झाला.

येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ घातली आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, हा १९९५ चा बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यातील प्रसिद्ध निकाल सावंतांनीच लिहिला होता. खासगी वाहिन्यांच्या हक्काला त्याने बळ दिले. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्षही झाले. वृत्तस्वातंत्र्याचा वैरी म्हणून त्यांची संभावना करणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. लहरी जनतेच्या, तर त्या वापरणाऱ्याने जनतेतील एकाच्या अब्रूबाबत तेरा दिवस स्वस्थ बसावे काय? माझ्या मते खरा अपराध त्या विलंबाचा होता.

तरीही रकमेचे समर्थन अवघड आहे. पैशाच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी असल्यास अपीलकर्त्याने रक्कम वा तारण द्यावे, असा दिवाणी कायद्याचा दंडक आहे. त्यानुसार मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये वीस कोटी रोख व ऐंशी कोटींची बँक हमी मागितली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला. मोठ्या उद्योगसमूहाची वाहिनी हा भार पेलू शकते. जिल्ह्याच्या गावी चार माणसांवर चालणारे एखादे दैनिक अशा हुकूमनाम्यापुढे अपिलाची पायरी चढण्याआधीच बंद पडेल, मग त्याची बाजू कितीही खरी असो.