बावीस श्रुति आणि एकशेंअठ्ठावीस अंक



आमच्या तेल्हाऱ्यास हल्लीं भजनी मंडळांतील एखादा हौशी तरुण हातभर लांबीची पट्ट्यांची एक पेटी विकत आणतो, तारेनें ती संगणकास जोडतो आणि पट्टी दाबून पाहतो, तों आवाज मुळींच निघत नाहीं! पेटी बिघडली असें समजून तो कोणा वडीलधाऱ्याकडे येतो. त्यास प्रथम हेंच सांगावें लागतें कीं, बाबा रे, ह्या पेटींत स्वर नाहींतच. ही नुसता हुकूम सोडते; तो पाळणारें वाद्य संगणकांत निराळें बसवावें लागतें. हिला मिडी-कंट्रोलर म्हणतात. हुकूम निराळा आणि नाद निराळा, ही कल्पना आज नवी भासते. परंतु महाराष्ट्रानें तिच्याशीं झुंज घेतली त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मूळचे मुंबईचे वकील. घराण्यांच्या कंठांत कोंडून राहिलेल्या चिजा त्यांनीं गांवोगांव फिरून मिळविल्या, स्वरलिपींत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापविल्या. कागदावरील गंधार स्वतः वाजत नाहीं. तो गाणाऱ्यास दिलेला हुकूम होय. त्याच सुमारास दुसरा मार्गहि उघडला. १९०२ सालीं गेसबर्ग नांवाच्या गृहस्थानें कलकत्त्यास ग्रामोफोनसाठीं गाणीं मुद्रित केलीं. तबकडीवर प्रत्यक्ष कंठ उतरला, पण गाणें अवघ्या तीन मिनिटांत आटपावें लागे. लिपि आणि मुद्रण, स्वर सांठविण्याच्या ह्या दोनच वाटा; आणि आजच्या संगणकांतहि त्याच दोन आहेत.

मध्यंतरीं पेटीचा प्रश्न उपस्थित झाला. पॅरिस येथें १८४२ सालीं दबेन यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभात्याचें सुटसुटीत रूप दिलें, आणि ती आमच्या कीर्तनांत व नाटकांत घरची होऊन बसली. परंतु तिच्या सप्तकांत बारा ठरीव सूर! मग आमच्या बावीस श्रुतींचें काय? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं ह्या प्रश्नाचा ध्यास घेतला व १९१० सालीं श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. सरकारी अधिकारी ई. क्लेमंट्स हे त्यांस मिळाले आणि श्रुति-हार्मोनियम घडविण्यांत आला. भातखंडे यांस तें गणित मान्य नव्हतें. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंतहि श्रुतींची चर्चा झाली. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदीच केली. ती सुमारें तीस वर्षें टिकली. ज्या माध्यमांतून मी बोलत आहें, त्यानेंच पेटीस दाराबाहेर उभें केलें होतें, ही मौज ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां १९८३ सालाकडे वळूं. त्या वर्षीं जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका प्रदर्शनांत दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडण्यांत आलीं, आणि एकाची पट्टी दाबतांच दुसरें वाजूं लागलें. हीच मिडीची भाषा. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. तिच्यांत प्रत्येक पट्टीस शून्यापासून एकशेंसत्तावीसपर्यंतचा एक अंक आहे. बोटाचा जोरहि तितक्याच पायऱ्यांनीं मोजतात. असा एक हुकूम पोंचण्यास सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. पण पट्ट्यांतील अंतर पुन्हां तेंच, बारा सुरांचें! मींडेसाठीं १६,३८४ पायऱ्यांची सोय ठेवली खरी. परंतु ती एका मार्गावरील सर्व सुरांस एकदमच वांकविते. प्रत्येक सुरास स्वतंत्र वांक देण्याची रीत २०१८ सालीं ठरली, आणि मिडीची दुसरी आवृत्ति २०२० सालीं आली. देवलांचा प्रश्न असा शतकानंतर जगापुढें पुन्हां उभा राहिला.

आतां सांठवणीचा हिशेब पाहूं. एक तासाच्या भजनाची मिडी-लिपि थोड्याशा जागेंत मावते. परंतु तोच कंठ सेकंदास ४८,००० नमुने व प्रत्येकीं २४ बिट ह्या मापानें मुद्रित केला, तर मिनिटास ८६ लक्ष ४० हजार बाइट लागतात, म्हणजे तासास सुमारें ५२ कोटि. गायक, पेटी, खंजिरी, टाळ असे आठ निरनिराळे पदर घेतले, तर आठपट. पदर थोडे करून मोकळें होण्याचा मोह येथेंच होतो. आणि दुसरी प्रत न ठेवण्याचा त्याहूनहि अधिक.

त्या मोहाचें फळ आम्हीं भोगलें आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीचा संस्कार वऱ्हाडाच्या गांवोगांवीं आहे. आमच्या एका वृद्ध भजनी बुवांचें गाणें आम्हीं तीन रात्री बसून मुद्रित केलें आणि एकाच हार्ड डिस्कवर ठेविलें. पुढें बुवा निवर्तले, आणि वर्षाच्या आंत ती डिस्कहि मुकी झाली. त्यांच्या एका शिष्यानें त्याच चाली पट्ट्यांवर वाजवून मिडींत घेतल्या होत्या, तेवढ्या उरल्या. त्या लावल्या तेव्हां सूर बरोबर होते, लयहि बरोबर होती, पण बुवांच्या नातवानें विचारलें, “आजोबा कोठें आहेत यांत?” मजजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून तरुणांस माझें सांगणें इतकेंच. हुकूम देणारी पेटी अवश्य आणा. शिकण्यास व चाल टिपण्यास ती उत्तम आहे. परंतु लिपीसच गाणें समजूं नका. कंठ स्वतंत्र मुद्रित करा, त्यासोबत गायकाचें नांव, गांव व तिथि लिहा, आणि दोन प्रती करून त्यांतील एक दुसऱ्याच्या घरीं ठेवा. वर्षांतून एकदां दोन्ही लावून ऐका. भातखंडे यांनीं जें कागदावर केलें, तें तुम्हांस अधिक पूर्णपणें करतां येण्याजोगें आहे. मात्र गाणारा आहे तोंवरच.