पेन्शनरांचा हिंवाळा

पुण्यास पेन्शनरांचें गांव म्हणण्याचा प्रघात जुना आहे. त्यांत थोडी थट्टा आहे आणि थोडा हेवाही आहे. परंतु थट्टा करणाराच्या डोळ्यांपुढें बहुधा रावबहादुरी मिळविलेला, व्हरांड्यांत आरामखुर्चीवर पहुडलेला गृहस्थ असतो. असे गृहस्थ होते, नाहीं असें नाहीं. तथापि त्यांच्यामागें सदाशिव, नारायण, शनवार, कसबा या पेठांतील वाड्यांत दोन-दोन खोल्यांत राहणारे कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, टपालखात्यांतले लोक यांची जी लांब रांग उभी आहे, तिच्याकडे इतिहासाची नजर क्वचितच वळते. त्या रांगेंतील घरांत, तेंही मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत, आम्ही येथें डोकावणार आहों. कारण ओढाताणीचा संसार उन्हाळ्यांत झांकून जातो, हिंवाळ्यांत तो उघडा पडतो.

प्रथम उत्पन्नाचा विचार करूं. इंग्रजी अमदानींत सामान्य सरकारी नोकरास वयाच्या ५५ व्या वर्षीं घरीं बसावें लागे, आणि पेन्शन सरासरी पगाराच्या निम्म्यावर सहसा जात नसे. ज्याचा पगार ६० रुपये, त्यानें ३० रुपयांत भागवावें, असा हा रोकडा हिशेब. पण ५५ व्या वर्षीं पगार निम्मा होतो म्हणून संसारही निम्मा होतो असें थोडेंच आहे! धाकटा मुलगा अजून शाळेंत असे, एखादी मुलगी लग्नाची असे, आणि बहुतेक घरांत एक विधवा बहीण किंवा भावजय आश्रयास असे. म्हणूनच ही माणसें पुण्यास येत. न्यू इंग्लिश स्कूल १८८० पासूनचें, फर्ग्युसन कॉलेज १८८५ पासूनचें. मुलाचें शिक्षण घरीं राहून होई. वर्तमानपत्रें वाचावयास १८४८ सालीं निघालेलें नगर वाचन मंदिर होतें, आणि सकाळीं पर्वतीच्या पायऱ्या चढावयास पैसे पडत नसत.

पुण्याची थंडी ती काय, असें उत्तरेकडील मनुष्य म्हणेल. तें खरेंच. परंतु हवामानखात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि त्यानंतर सातव्याच वर्षीं, १७ जानेवारी १९३५ रोजीं, या शहरांतील पारा १.७ सेंटिग्रेड अंशांवर उतरला. फरशीची जमीन, लांकडी फळ्यांची फटीफटींची खिडकी आणि साठी उलटलेलीं हाडें, एवढ्या सामग्रीस तेवढी थंडी पुरे होते. तिच्याशीं लढण्याचीं साधनें घरांतच तयार होत. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून, चारी बाजूंनीं धावदोरा मारीत मध्यापर्यंत आणलेली गोधडी ही त्यांतली मुख्य. तिला सुई-दोऱ्यापलीकडे खर्च नाहीं; वेळ मात्र दुपारच्या दुपार लागे. खेरीज धाबळी, कानटोपी, आणि दहा वाजेपर्यंत ओट्यावरचें ऊन. पेन्शनर मंडळींचें ओट्यावरचें राजकारण पुष्कळांच्या विनोदाचा विषय झालें आहे. पण घरांत कोळसा जाळण्यापेक्षां बाहेर ऊन खाणें स्वस्त, हें त्या राजकारणाचें अर्थशास्त्र विनोद करणारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

खरा खर्च सरपणाचा. अंघोळीचा तांब्याचा बंब पहांटे पेटे. त्यांत लांकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, वाळलेला पाला, जें हातीं येईल तें जाई. वखारींतून लांकडाचा भुसा आणून तो शेगडींत मध्यें बाटली उभी धरून ठोकून भरीत आणि बाटली काढून घेत. त्या भोकांतून पेटलेली भुशाची शेगडी तासन्‌तास मंद जळे. घासलेटाचा स्टो पुढें आला, परंतु तो पाहुण्यांच्या चहापुरता. स्वयंपाकाची सारी रचना या सरपणाच्या हिशेबानेंच ठरे. भाताचें पातेलें उतरलें कीं त्याच विस्तवावर दूध, दूध उतरलें कीं राखेंत वांगें किंवा रताळें. राखेंत भाजलेल्या वांग्याचें भरीत ही चंपाषष्ठीची चैन समजली जाते; चातुर्मासांत वर्ज्य असलेलीं वांगीं-कांदे त्या दिवशीं खंडोबास नैवेद्य दाखवून पुन्हां घरांत येत, आणि नेमकीं त्याच सुमारास तीं बाजारांत स्वस्तही होत. आमच्या धर्मशास्त्राची आणि मंडईची अशी मिळणी पुष्कळ ठिकाणीं दिसते.

आतां पानाकडे वळूं. कारकुनी घराचा मान तांदुळांत आणि गव्हांत असे. बाजरी ही खेड्यांतली, अशी समजूत. परंतु थंडी पडली कीं बाजरी 'उष्ण' या सबबीवर ताठ मानेनें स्वयंपाकघरांत शिरे. महाग धान्य टाळून स्वस्त धान्य खाणें कमीपणाचें. प्रकृतीसाठीं खाणें शहाणपणाचें! ही सबब ज्या कोणा गृहिणीनें प्रथम काढली, तिला आमचा नमस्कार. मात्र बाजरीचें पीठ टिकत नाहीं. तिच्यांत स्निग्धांश बराच असल्यामुळें तें थोड्याच दिवसांत कडू होतें. म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेंच पीठ जात्यावर दळावें लागे. गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळें कढत पाण्यांत मळावें, हातावर थापावें, वरून पाणी फिरवावें, आणि भोगीच्या दिवशीं तीळ लावावे. भोगीची भाजी म्हणजे वांगें, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वालपापडी, बोरें, असें जें जें पौषांत पिकतें तें सारें एका पातेल्यांत, तिळाच्या कुटासह. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण आमच्या पाहण्यांत आलेल्या पुष्कळ आरोग्यविषयक उपदेशांपेक्षां अधिक कामाची आहे.

हुलग्याची गोष्ट याहून मजेची. हुलगे म्हणजे कोंकणांतले कुळीथ. घोड्याचें खाणें म्हणून त्यांची कोण हेटाळणी! परंतु हुलग्याच्या पिठांत लसूण, मिरची, जिरें घालून तें घट्ट मळावें, हातावर वळ्या वळून त्यांचीं कडीं करावीं, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यांत सोडावीं, कीं शेंगोळे झाले. रस तोच, भाकरी तीच, भांडें एक, विस्तव एक. कवळी बसविण्याची ऐपत नसलेल्या म्हाताऱ्यासही तें मऊ शिजलेलें अन्न खातां येई. १९३७ सालीं कुन्नूरच्या आहारसंशोधनशाळेनें हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. तींत महागड्या पदार्थांच्या रांगेंत बाजरी, डाळी आणि कडधान्यें यांचे आंकडे पाहून सुशिक्षितांस नवल वाटलें असेल, तर तें वाटावयास नको होतें. आंवळ्याचेंही तसेंच. 'क' जीवनसत्त्वाचा हा ठेवा कार्तिकांत टोपलीनें मिळे, आणि किसून मीठ लावून वाळविला कीं आंवळकाठीच्या रूपानें वर्षभर पुरे. डिंकाचे लाडू मात्र बाळंतिणीसाठीं राखून ठेवलेले. पेन्शनराच्या वांट्यास मेथीचा लाडू, तोही गुळांतला. अळिवांचा चमचाभर दाणा नारळाच्या पाण्यांत भिजवला कीं वाटीभर फुगतो, ही युक्तीही तेव्हांचीच.

छापील पाकशास्त्रांत हें सारें शोधूं गेल्यास निराशा होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ चें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' १९१० चें. दोन्हीं पुस्तकें आपल्या परीनें थोर, पण त्यांचा ओढा सणाच्या पानाकडे. शिळ्या भाकरीचा कुस्करा कसा करावा हें सांगण्यास ग्रंथ लागत नाहीं, म्हणून तें ग्रंथांत कमी आणि जिभेवर जास्त राहिलें.

या काटकसरीचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरली जाते. ती गोष्ट म्हणजे ही काटकसर कोणाच्या अंगावर पडे. पेन्शन त्याचें, आणि पहांटे बंब पेटविणें, जातें ओढणें, दुपारीं गोधडी शिवणें तिचें. साय त्याच्या दुधावर, ताक तिच्या भातावर. महायुद्धाच्या काळांत, १९३९ नंतर, भाव दुपटीच्या वर गेले, १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, पुढें तें इतर शहरांतही पसरलें, आणि जुन्या पगारावर बेतलेलें पेन्शन जागच्या जागीं गोठून राहिलें. त्या हिंवाळ्यांत साखर गेली आणि गुळाचा चहा आला. पण त्याआधीं पुष्कळ घरांत घरधनिणीचें दूध गेलें होतें. तें कोणत्याही जमाखर्चाच्या वहींत 'बचत' म्हणून लिहिलेलें सांपडावयाचें नाहीं.

याहून कठीण गोष्ट अशी कीं, सामान्य नोकराचें पेन्शन त्याच्याबरोबरच संपे. थंडी ही म्हाताऱ्या छातीची वैरीण. पौषांतल्या एखाद्या खोकल्यानें घरचा कर्ता गेला, कीं पुढच्या महिन्यापासून घरांत तीस रुपये नव्हे, एक रुपयाही येत नसे. चाळीस वर्षें त्या पगारांत आणि पेन्शनांत संसार ओढणारी बाई दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या, पुतण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या चुलीची मिंधी होई. पतीच्या कानटोपीची, काढ्याची, छातीला लावावयाच्या तेलाची ती जी इतकी काळजी वाही, तींत प्रेम होतेंच. पण भीतीही होती, आणि ती भीति निराधार नव्हती. पुण्याच्या वाड्यांतून दुसऱ्यांच्या घरीं पापड लाटणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या ज्या वृद्ध बाया असत, त्यांतल्या कित्येकींच्या कपाळीं ही अशी एखादी पौषाची रात्र आली होती.

मध्यवर्ती सरकारच्या नोकरांच्या कुटुंबांस सर्वसाधारणपणें लागू होणारी कुटुंबपेन्शनाची योजना १९६४ सालीं निघाली. तोंपर्यंत त्या जुन्या रांगेंतल्या बहुतेकजणी गेल्या होत्या. खासगी कारखान्यांतल्या व दुकानांतल्या कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाची योजना १९९५ सालीं आली, आणि तिच्यांतील किमान रक्कम २०१४ सालीं महिना १००० रुपये ठरली. त्या रकमेंत हिंवाळा काढावयाचा तर शेंगोळ्यांची कृति पुन्हां शिकून घ्यावी लागेल.

पेन्शनराचा हिंवाळा आतां नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यानें सुरू होतो. आपण जिवंत आहों हें वर्षांतून एकदां सरकारास पटवून द्यावयाचें असतें. २०१४ च्या नोव्हेंबरांत या कामासाठीं बोटांचे ठसे घेणारें यंत्र आलें. पण भांडीं घासून, पीठ मळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, अशा कित्येक वृद्ध बायांचे ठसे यंत्रास ओळखूं येईनात. २०२१ च्या नोव्हेंबरापासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे.