रजिस्टर पत्त्याची पडताळणी
ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये एखाद्या हार्डवेअर रजिस्टरचा पत्ता चुकल्याची शंका आली, तर तो खरोखर चुकला आहे का हे ठरवण्याची प्रक्रिया. मेमरी-मॅप्ड उपकरणांत रजिस्टरचा पत्ता म्हणजे उपकरणाचा मूळ पत्ता अधिक त्या रजिस्टरचा ऑफसेट. चूक दोहोंपैकी कशातही असू शकते. या नोंदीतले पत्ते, ऑफसेट आणि रजिस्टरमधली मूल्ये हेक्साडेसिमल आहेत.

अशी चूक क्वचितच स्वतःहून उघडी पडते. भलत्या पत्त्यावर लिहिलेले मूल्य कधी मुकाट्याने नाहीसे होते, कधी शेजारच्या रजिस्टरमध्ये जाऊन पडते. बूटलोडरने उपकरण आधीच चालू केलेले असेल, तर ड्रायव्हर चुकीचा असूनही सगळे सुरळीत दिसते. त्यामुळे ‘चालते आहे ना’ हा पुरावा होत नाही.

शंका बहुधा कोड आणि मॅन्युअल यांच्यातल्या तफावतीवरून येते, आणि इथे घाई केली तर बरोबर असलेला कोडच बिघडतो. रास्पबेरी पायमधल्या बीसीएम२८३५ या चिपच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात दुय्यम एसपीआयचे आयओ रजिस्टर ७ई२१५०९० वर दाखवले आहे. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र ७ई२१५०८० पासून २० ऑफसेट धरून ७ई२१५०ए० वर जातो. इथे ड्रायव्हर बरोबर आहे. अधिकृत मॅन्युअलवर विसंबता येत नाही, म्हणून काही माहिती चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने खुल्या केलेल्या ग्राफिक्स कोडमधल्या हेडर फाइलवरून घेतली, अशी टीप त्याच्या लेखकाने कोडमध्येच लिहून ठेवली. ही टीप फार मोलाची आहे, कारण तिच्याअभावी एखाद्याने मॅन्युअल प्रमाण मानून नेमका बरोबर पत्ता ‘दुरुस्त’ केला असता.

काही तफावती नुसत्या दिसण्यापुरत्या असतात. याच मॅन्युअलमधले ७ई००००००पासूनचे पत्ते बसचे आहेत. प्रोसेसरला तीच उपकरणे २०००००००पासून दिसतात, आणि २०१५ साली आलेल्या रास्पबेरी पाय २ मध्ये ३एफ००००००पासून. खरी चूक अनेकदा पॉइंटरच्या हिशेबात सापडते. पीएल०११ या युआर्टचे फ्लॅग रजिस्टर १८ ऑफसेटवर असते. मूळ पत्ता २०२०१००० असेल, तर २०२०१०१८ वाचायला हवे. पॉइंटर ३२ बिटांच्या शब्दाकडे बोट दाखवणारा ठेवून त्यात १८ मिळवले, तर प्रत्यक्षात २०२०१०६० वाचले जाते. सोर्स कोड वाचताना हे नजरेतून सहज निसटते. डिसअसेंब्लीत लगेच दिसते.

शेवटचा शब्द प्रत्यक्ष बोर्डाचा. एम्युलेटर त्याच मॅन्युअलवरून लिहिलेला असेल, तर त्याची साक्ष स्वतंत्र नसते. रीसेटनंतर लगेच पीएल०११ मध्ये ३० ऑफसेटवर ३००, तर ३४ वर १२ हे मूल्य मिळायला हवे. एआरएमच्या प्राइमसेल घटकांत एफएफ०पासून चार शब्दांत ०डी, एफ०, ०५, बी१ अशी ओळखही असते. पण चिप बनवणारे ती नेहमी जशीच्या तशी ठेवतीलच असे नाही. लिनक्समध्ये रास्पबेरी पायच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीत, तर पीएल०११चा पेरिफेरल आयडी आधीच लिहून दिलेला आहे.

सगळा पट्टा सरसकट वाचून काढणे मात्र टाळावे. पीएल०११चे डेटा रजिस्टर नुसते वाचले, तरी फिफोमधले एक अक्षर निघून जाते. लिहून पाहायचेच असेल, तर निरुपद्रवी रजिस्टर निवडावे: १६५५० युआर्टमध्ये ७ ऑफसेटवरचे स्क्रॅच रजिस्टर यासाठी उत्तम, कारण त्यात लिहिलेले मूल्य परत वाचता येते आणि उपकरणाच्या कामात काही फरक पडत नाही.