शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल : भरवशाची कोणती आणि नेम किती अचूक?

अमेरिका आणि युरोपात हरीण किंवा रानडुकराच्या शिकारीचा हंगाम आला की एक जुना वाद रंगतो. रायफल सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी की हाताने बोल्ट ओढायची? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे. जिथे ती कायदेशीर आहे, तिथे मात्र प्राणी जखमी होऊन पळणार की नाही, हे बऱ्याचदा या निवडीवर ठरतं.

ही रायफल चालते कशी?

ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि नवं भरणं ही कामं रायफल स्वतः करते. आजच्या बहुतेक मॉडेल्समध्ये नळीतला थोडा वायू पिस्टनकडे वळवला जातो. त्याच्या दाबाने बोल्ट मागे जातो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते.

भरवसा कोणावर?

रेमिंग्टन ७४२ (१९६० ते १९८०) अमेरिकेत खूप खपली. पण सतत वापराने तिचा बोल्ट आतल्या रेल्सवर ओरखडे पाडतो. रेल्स झिजल्या की दुरुस्ती जवळपास अशक्य होते. चेंबरमध्ये गंज किंवा घाण असेल, तर काडतूसही अडकतं.

ब्राउनिंग बार १९६७ मध्ये आली. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी 'बार'शी तिचं फक्त नावाचं नातं आहे. तिचा बोल्ट फिरून सात खाचांनी घट्ट बसतो. ती टिकाऊ मानली जाते, पण पूर्ण उघडून साफ करणं किचकट आहे.

इटलीची बेनेली आर१ चेंबरच्या जवळून वायू घेते. तिथे वायू जास्त गरम आणि स्वच्छ असतो, त्यामुळे काजळी कमी साचते.

विंचेस्टर मॉडेल १०० (१९६१ ते १९७३) ही धोक्याची सूचना आहे. फायरिंग पिन तुटून, बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच गोळी सुटण्याची भीती होती. म्हणून १९९० मध्ये या रायफली परत मागवण्यात आल्या. जुनी रायफल घेताना ही पिन बदललेली आहे का, हे तपासणं अत्यावश्यक आहे.

नेमाचं काय?

अचूकता 'एमओए'मध्ये मोजतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमीचा फरक. चांगली बोल्ट-ॲक्शन रायफल १ एमओएच्या आसपास राहते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नळीला गॅस यंत्रणा जोडलेली असते आणि हलणारे भाग जास्त असतात. त्यामुळे २ एमओएसुद्धा समाधानकारक मानला जातो.

हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंमीचा असतो. १०० मीटरवर २ एमओए म्हणजे जेमतेम ६ सेंमी, म्हणजे पुरेसं. ३०० मीटरवर तोच फरक १७ सेंमीच्या पुढे जातो आणि चुकीला जागाच उरत नाही.

कायदा काय सांगतो?

युरोपातल्या १९७९ च्या बर्न करारात, मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक हत्यारांनी शिकार करण्यावर निर्बंध आहेत. म्हणून तिथे छोटी मॅगझिन्स मिळतात.

थोडक्यात

झुडपांत, जवळच्या अंतरावर, पळत्या रानडुकरावर लगेच दुसरी गोळी झाडता येणं हा सेमी-ऑटोमॅटिकचा खरा फायदा. लांबचा नेम आणि कमी देखभाल हवी असेल, तर बोल्ट-ॲक्शन आजही पुढे आहे. रायफल कोणतीही असो, पहिली गोळी नीट लागणं महत्त्वाचं.