जीव की विष? वर्गीकरणाबाहेर राहिलेल्या विषाणूंचा इतिहास

१/ मराठीत ‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ हे शब्द बहुधा जोडीनेच येतात. मात्र पहिल्याच्या पोटात ‘जीव’ आहे आणि दुसऱ्याच्या पोटात ‘विष’. हा भेद नुसता शब्दांचा नाही. सजीवांच्या वर्गीकरणात विषाणूंना जागा कोठे द्यायची, या प्रश्नाने विज्ञानाला शतकाहून अधिक काळ कोड्यात टाकले. त्याचाच हा इतिहास.

२/ १७३५ साली कार्ल लिनियस यांनी निसर्गाचे तीन भाग केले : खनिजे, वनस्पती आणि प्राणी. लेवेनहूक यांनी त्याआधीच, १६७० च्या दशकात, पाण्याच्या थेंबातील सूक्ष्मजीव पाहिले होते. त्यांना कोठे ठेवावे हे लिनियसना उमगेना. पुढील एका आवृत्तीत त्यांनी कृमींच्या वर्गात एक प्रजाती योजून तिला ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, हे नाव दिले.

३/ १८६६ मध्ये एर्न्स्ट हेकेल यांनी सूक्ष्मजीवांसाठी ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सजीव सृष्टी मांडली. तोवर प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो, हा सिद्धांत रुजला होता. पुढे पाश्चर आणि कॉख यांच्या कार्यामुळे संसर्गजन्य रोगामागे कोणता तरी जीवाणू असणारच, अशी धारणा दृढ झाली.

४/ या धारणेला तडा गेला तो तंबाखूच्या पानामुळे. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे अडोल्फ मायर तंबाखूच्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. रोगट पानांवर फिकट-गडद हिरव्या रंगांची नक्षी उमटे, म्हणून त्यांनी रोगाला ‘मोझेक’ म्हटले. रोगट पानांच्या रसाने निरोगी झाडही आजारी पडते, हे त्यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केले. जीवाणू मात्र सापडला नाही.

५/ १८८४ मध्ये शार्ल शांबरलाँ यांनी चिनी मातीची गाळणी तयार केली होती. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून जीवाणू पार होत नसत. १८९२ मध्ये रशियात दमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस या गाळणीतून काढला. गाळलेला रसही रोग पसरवीत होता. तरीही यामागे जीवाणूचे विष किंवा अतिसूक्ष्म जीवाणू असावा, असेच त्यांना वाटले.

६/ १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी निराळा निष्कर्ष काढला. रोग एका झाडातून दुसऱ्यात कितीही वेळा नेला, तरी त्याचा जोर ओसरत नव्हता. विष असते तर ते विरळ होत गेले असते. अर्थात हे द्रव्य वाढत होते, पण केवळ झाडाच्या वाढत्या ऊतींत. बायेरिंक यांनी त्याला सजीव, द्रवरूप संसर्गद्रव्य मानले आणि ‘व्हायरस’ हा शब्द वापरला. हा लॅटिन शब्द आणि संस्कृत ‘विष’ एकाच मुळातून आले आहेत.

७/ १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ले यांनी हाच विषाणू सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. स्फटिक होतात ते मिठाचे, साखरेचे. सजीवाचा स्फटिक कोणी पाहिला नव्हता. पण तो पाण्यात विरघळवून पानावर चोळला की रोग पुन्हा उद्भवे! १९४६ मध्ये स्टॅन्ले यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तोही रसायनशास्त्रातील.

८/ स्टॅन्ले यांना तो निव्वळ प्रथिन वाटला होता. १९३६ मध्ये बॉडेन आणि पिरी यांनी त्यात आरएनए असल्याचे दाखविले. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी विषाणूचे प्रथिन व आरएनए वेगळे केले, परीक्षानळीत पुन्हा एकत्र आणले आणि संसर्गक्षम विषाणू परत मिळविला. जीवाणूचे असे तुकडे केले तर तो मरतो. त्याला कोणी पुन्हा जोडू शकत नाही.

९/ १९५७ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी भेद नेमका मांडला. पेशीत डीएनए आणि आरएनए दोन्ही असतात. विषाणूच्या कणात बहुधा एकच. पेशी वाढते आणि विभागते. विषाणू तसे करीत नाही. त्याला स्वतःची ऊर्जानिर्मिती नाही. तो पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती बनवून घेतो.

१०/ म्हणूनच १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती व प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा विषाणू त्यांत नव्हते. १९७७ पासून कार्ल वूज यांनी सजीवांची नाती रायबोसोममधील आरएनएवरून शोधली. १९९० मधील त्यांची तीन अधिक्षेत्रे याच पायावर उभी आहेत. विषाणूंना रायबोसोमच नाही. ज्या मापाने सजीव मोजले गेले, ते माप त्यांना लागूच पडत नव्हते.

११/ वर्गीकरणाचे साचे नजरेवरही पडदा टाकतात. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाचे कारण शोधताना शीतक मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबांमध्ये एक कण सापडला. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याइतका मोठा, म्हणून तो जीवाणू समजला गेला. तो महाकाय ‘मिमिव्हायरस’ आहे, हे २००३ मध्ये जाहीर झाले. त्याच्यात प्रथिननिर्मितीशी निगडित काही जनुके आढळली. रायबोसोम मात्र त्यालाही नाही.

१२/ विषाणूंचे वर्गीकरण आता स्वतंत्रपणे होते. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी जनुकद्रव्याचा प्रकार आणि त्यापासून संदेशवाहक आरएनए बनण्याची रीत यांवरून गट पाडले. १९६६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समिती विषाणूंची कुळे ठरविते. तिच्या यादीत सर्वोच्च गट एक नाही, अनेक आहेत, कारण सर्व विषाणूंचा एकच पूर्वज असल्याचा पुरावा नाही.

१३/ या भेदाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्ती बनू देत नाही. इतर अनेक प्रतिजैविके त्याच्या रायबोसोमवर आघात करतात. विषाणूकडे यांपैकी काहीच नाही. त्यामुळे साध्या सर्दीवर घेतलेले प्रतिजैविक विषाणूला स्पर्शही करीत नाही. उलट शरीरातील जीवाणूंना ते त्या औषधाला दाद न देण्याचा सराव घडविते.

१४/ विषाणू सजीव आहेत का, यावर आजही एकमत नाही. पेशीबाहेर तो निश्चल कण असतो. पेशीत शिरल्यावर मात्र त्याच्या प्रती होतात, त्यांत बदल घडतात आणि निसर्गनिवड त्यालाही लागू होते. ‘विष’ आणि ‘जीव’ यांच्या सीमेवरचे त्याचे स्थान तंबाखूच्या त्या पानाने दाखवून दिले होते. ते अजून सुटलेले नाही.