पेपरमिंटचा चहा किती प्राचीन?

थ्रेड. चहाच्या खोक्यांवर आणि आरोग्यविषयक लेखांत एक विधान हमखास आढळते : प्राचीन इजिप्शियन, ग्रीक आणि रोमन लोक पेपरमिंटचा चहा पीत असत. विधान ऐकायला गोड आहे. त्याला पुरावा मात्र नाही, कारण ज्या वनस्पतीला आपण पेपरमिंट म्हणतो तिची पहिली निःसंदिग्ध लेखी नोंद १६९६ सालची आहे, आणि तीही इंग्लंडमधली.

प्रथम वनस्पती समजून घेऊ. पुदिन्याच्या कुळात अनेक जाती आहेत आणि त्या एकमेकींशी सहज संकरित होतात. पेपरमिंट हा असाच एक संकर. ओढ्याकाठी, दलदलीत उगवणारा रानपुदिना, म्हणजे मेंथा ॲक्वाटिका, आणि बागेतला नेहमीचा पुदिना, म्हणजे मेंथा स्पिकाटा, हे त्याचे आईबाप. हा संकर वांझ असतो. बियांतून त्याची पैदास होत नाही. जमिनीलगत पसरणाऱ्या खोडांचे तुकडे लावूनच तो वाढवावा लागतो. म्हणजे कोणीतरी तो ओळखून, उपटून, मुद्दाम जपल्याखेरीज त्याचे पीक होत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे.

मग प्राचीन ग्रंथांतल्या उल्लेखांचे काय? उल्लेख आहेतच. प्लिनीने पुदिन्याबद्दल लिहिले आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पुदिन्याच्या दशमांशाचा उल्लेख आहे. इसवी सन ८००च्या सुमारास फ्रँक राज्यातील शाही मळ्यांसाठी निघालेल्या ‘कापितुलारे दे विल्लिस’ या फर्मानातील वनस्पतींच्या यादीत ‘मेंता’ आहे. परंतु ‘मेंता’ म्हणजे पुदिना, पेपरमिंट नव्हे. दोन्ही पालक जाती जिथे शेजारी वाढतात तिथे असा संकर पूर्वीही आपोआप झाला असेल, हे नाकारता येत नाही. पण ‘झाला असेल’ आणि ‘लोक त्याचा चहा पीत होते’ या दोन वाक्यांमध्ये मोठी दरी आहे. जुन्या नावावर आजची वनस्पती चिकटवणे हा इतिहासलेखनातील नेहमीचा दोष आहे, आणि तो केवळ पुदिन्यापुरता नाही.

आता १६९६ कडे वळू. हर्टफर्डशायर परगण्यात डॉ. ईल्स यांना एक निराळा पुदिना आढळला. चव मिऱ्यासारखी झणझणीत, मागोमाग थंडावा. निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी ब्रिटिश वनस्पतींवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची नोंद केली. १७०४ साली पुन्हा लिहिताना अशक्त पोट आणि अतिसार यांवर इतर सर्व पुदिन्यांहून हा सरस, असा निर्वाळाही त्यांनी दिला. ‘पेपर’ म्हणजे मिरी; नावाचा उगम हा असा थेट जिभेवरचा आहे. १७२१ मध्ये लंडनच्या अधिकृत औषधसंहितेत त्याला स्थान मिळाले. एका अनोळखी रोपट्याने अवघ्या २५ वर्षांत गाठलेला हा पल्ला आहे! १७५३ साली लिनियसने त्याला मेंथा पायपेरिटा हे नाव दिले, मात्र स्वतंत्र जाती समजून. तो संकर आहे हे पुढे उमगले.

यानंतरचा इतिहास बव्हंशी तेलाचा आहे, चहाचा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या दक्षिणेला मिचम गावी पेपरमिंटचे मळे उभे राहिले. पाला भट्टीत वाफवून तेल काढायचे. ते औषधात, गोळ्यांत, मिठाईत जायचे. एकोणिसाव्या शतकात हा धंदा अमेरिकेत फोफावला. तिथे न्यूयॉर्क राज्यातील हॉचकिस आणि मिशिगनमधील अल्बर्ट टॉड ही मोठी नावे झाली. टॉड तर ‘पेपरमिंटचा राजा’ म्हणवला जाई. आता त्या वांझपणाची किंमत पाहा. मिचमची झाडे खोडांच्या तुकड्यांतून जगभर गेली, म्हणजे एकाच झाडाच्या नकला सर्वत्र पसरल्या. बुरशीजन्य मर रोग आला तेव्हा कोणतीच नकल तग धरेना. बी नसल्याने नेहमीच्या पद्धतीने सुधारित वाण काढणेही अशक्य. अखेर १९५०च्या दशकात अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत खोडांवर किरणोत्साराचा मारा करून रोगाला तोंड देणारी रोपे शोधण्यात आली. त्यांतून निघालेला ‘टॉड्स मिचम’ हा वाण पुढे शेतात गेला. ‘हजारो वर्षांची निसर्गदत्त वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयाचा हा कुलवृत्तांत!

चहाची परंपरा शोधायची तर जर्मनीकडे पाहावे लागते. थुरिंगिया प्रांतातील कोलेडा हे गाव स्वतःला पेपरमिंटनगर म्हणवते, आणि म्युनिकजवळच्या आयखेनाऊ येथे पेपरमिंटचे संग्रहालय आहे. मोरोक्कोचा प्रसिद्ध पुदिना-चहा मात्र या कथेत घुसडू नये. त्यात चिनी हिरवा चहा असतो आणि पुदिना साधा, मेंथा स्पिकाटा.

आपल्याकडेही हाच गोंधळ आहे. ‘पुदिना’ हा शब्द फारसीतून आला आणि चटणीतला पुदिना पेपरमिंट नव्हे. किराणा दुकानात ‘पेपरमिंटची फुले’ म्हणून मिळणारे स्फटिक म्हणजे मेंथॉल. ते बहुतांशी मेंथा आर्वेन्सिस या तिसऱ्याच जातीपासून बनते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याच्या व्यापारावर जपानचे वर्चस्व होते. १९५०च्या दशकात ते रोप भारतात आले आणि आज उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या परिसरात त्याची शेते पसरलेली आहेत.

राहिला गुणांचा प्रश्न. थंडावा हा खऱ्या अर्थाने भास आहे. चेतातंतूंमध्ये थंडी ओळखणारे टीआरपीएम८ नावाचे एक प्रथिन असते आणि मेंथॉल त्यालाच चाळवते. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. २०२१चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना मिळाले. मेंथॉलने आतड्याचे स्नायू सैल पडतात, हेही खरे. परंतु पोटातील मुरड्यावर ज्या चाचण्यांत लाभ दिसला त्या प्रामुख्याने तेलाच्या, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलच्या होत्या. कपभर चहात तेलाचा अल्प अंशच उतरतो. म्हणूनच युरोपीय औषध संस्था तेलाला ‘सुप्रस्थापित वापर’ या वर्गात ठेवते आणि पानांना ‘पारंपरिक वापर’ या वर्गात. गंमत अशी की, या कायद्यात परंपरा सिद्ध करायला ३० वर्षांचा वापर पुरतो. इजिप्तचे दाखले कोणी मागितलेलेच नाहीत.

करण्याच्या कृतीबद्दल एक सूचना. आपण याला चहा किंवा काढा म्हणतो, पण शार्ङ्गधराच्या परिभाषेत हा ‘फांट’ : उकळते पाणी पानांवर ओतायचे, झाकायचे, गाळायचे. पाने खळखळा उकळली तर मेंथॉल वाफेबरोबर उडून जाते आणि उरतो तो कडवट रंग.

छातीत जळजळ होणाऱ्यांचा त्रास पेपरमिंटने वाढू शकतो. तान्ह्या मुलांच्या नाकाशी मेंथॉल नेऊ नये. श्वास अडकण्याचा धोका असतो. शिवाय कॅफीन नाही म्हणून जेवणासोबत खुशाल प्यावा, असेही नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणातील लोहाचे शोषण पेपरमिंट चहाने ८४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. काळा चहाही जवळपास इतकेच घटवतो. रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी तो दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्यावा.