राखीव यंत्र आणि निर्णयाचा अधिकार : अखंड संगणकसेवेच्या इतिहासाचा आढावा

प्रस्तावना

बँका, शेअर बाजार, रेल्वे आरक्षण, रुग्णालये अशा क्षेत्रांत संगणक बंद पडणे म्हणजे व्यवहारच बंद पडणे होय. म्हणूनच एक सर्व्हर निकामी झाला तरी त्याचे काम दुसऱ्याने आपोआप हाती घ्यावे, अशी व्यवस्था उभारली जाते. कामाच्या या हस्तांतराला ‘फेलओव्हर’ आणि त्यासाठी एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटाला ‘क्लस्टर’ असे म्हणतात. या व्यवस्थेचा इतिहास सामान्यतः अधिकाधिक विश्वसनीय यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्यातील एका विशिष्ट प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. दुसरे यंत्र उपलब्ध करून देणे तुलनेने लवकर साधले. परंतु पहिले यंत्र खरोखर बंद पडले आहे हे कोणी व केव्हा ठरवायचे, हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

१. राखीव यंत्राची कल्पना

प्रारंभीच्या संगणकांत हजारो निर्वात नलिका असत आणि त्यांपैकी एखादी निकामी होणे ही नित्याची बाब होती. अविश्वसनीय घटकांपासून विश्वसनीय यंत्रणा कशी रचता येईल, याची गणिती मांडणी जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ मधील व्याख्यानांत केली. ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेने अधिक सरळ मार्ग पत्करला. १९५८ पासून कार्यान्वित होत गेलेल्या तिच्या संचालन केंद्रांत दोन-दोन पूर्ण संगणक बसवलेले असत. एक प्रत्यक्ष काम करी व दुसरा राखीव राही. आयबीएम आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी विमान-आरक्षणासाठी उभारलेल्या ‘सेबर’ यंत्रणेतही १९६४ मध्ये दोन आयबीएम ७०९० संगणक याच पद्धतीने वापरात होते. १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासना येथे सुरू झालेल्या बेल कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्रात मुख्य नियंत्रक दुहेरी होता. चाळीस वर्षांत एकूण दोन तासांपेक्षा अधिक काळ केंद्र बंद राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट होते.

या मार्गामागील हिशेब आकर्षक आहे. एखादा सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू राहत असेल, तर तो वर्षातून सुमारे साडेतीन दिवस बंद असतो. असे दोन सर्व्हर परस्परांना पर्याय म्हणून ठेवले, तर कागदावर हा काळ वर्षाला ५३ मिनिटांवर येतो. मात्र या हिशेबात दोन गृहीतके आहेत. दोन्ही यंत्रे एकाच कारणाने बंद पडत नाहीत, हे पहिले. आणि कामाचा बदल तत्काळ व अचूक होतो, हे दुसरे. पुढील इतिहास या दोन गृहीतकांच्या कसोटीचा इतिहास आहे.

२. टँडेम आणि जिम ग्रे यांचा अहवाल

राखीव यंत्र नुसते बसून राहणे व्यापारी संस्थांना परवडणारे नव्हते. जेम्स ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या टँडेम कंपनीने यावर उपाय शोधला. तिच्या ‘नॉनस्टॉप’ संगणकात अनेक प्रोसेसर असत व सर्वच काम करीत. प्रत्येक महत्त्वाच्या प्रक्रियेची एक जोड-प्रक्रिया दुसऱ्या प्रोसेसरवर ठेवलेली असे आणि मूळ प्रक्रिया आपली स्थिती तिला वेळोवेळी कळवत राही. प्रत्येक प्रोसेसर ठरावीक कालांतराने ‘मी चालू आहे’ असा संदेश इतरांना पाठवी. हा संदेश थांबला की तो प्रोसेसर बंद पडला असे मानून जोड-प्रक्रिया काम पुढे नेई. असा पहिला संगणक १९७६ मध्ये सिटीबँकेला देण्यात आला.

टँडेममध्येच कार्यरत असलेल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का बंद पडतात, याचा अहवाल मांडला. नव्या यंत्रांतील सुरुवातीचे बिघाड वगळता, ४२ टक्के घटनांचे कारण देखभाल व संचालनात, २५ टक्क्यांचे सॉफ्टवेअरमध्ये आणि केवळ १८ टक्क्यांचे यंत्रसामग्रीत असल्याचे त्यांना आढळले. यंत्राला जोड देता येते. परंतु संचालकाच्या चुकीला जोडयंत्राने आळा बसत नाही. पहिल्या गृहीतकाची मर्यादा येथे आकड्यांनिशी स्पष्ट झाली.

३. गणपूर्तीचा नियम

दुसऱ्या गृहीतकाची अडचण अधिक सूक्ष्म होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये ‘व्हॅक्सक्लस्टर’ जाहीर केले. त्यात अनेक स्वतंत्र संगणक समान डिस्क वापरीत. अशा दोन संगणकांमधील संपर्क तुटला, तर प्रत्येकाला दुसरा बंद पडला असे वाटू शकते. दोघेही एकाच माहितीत बदल करू लागले, तर माहिती कायमची बिघडते. संगणकक्षेत्रात या अवस्थेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. यावर योजलेला उपाय सभेच्या कामकाजातून सर्वांना परिचित आहे, तो म्हणजे गणपूर्ती. प्रत्येक संगणकाला मत असते. ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच काम चालू ठेवावे आणि अल्पमतातील गटाने थांबावे. दोनच संगणक असतील, तर सामाईक डिस्कला तिसरे मत दिले जाते.

याच १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. संदेश पोहोचण्यास किती वेळ लागेल याची मर्यादा ठाऊक नसेल आणि एकही यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर यंत्रांमध्ये निश्चितपणे एकमत घडवून आणणारी कोणतीही ठाम पद्धत असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. मंदावलेले यंत्र आणि मेलेले यंत्र यांत दुरून फरक करता येत नाही, हे त्याचे मूळ होय. व्यवहारात त्यामुळे प्रतीक्षेची कालमर्यादा ठरवावी लागते. ती फार कमी ठेवली तर जिवंत यंत्राला मृत ठरवले जाते. फार जास्त ठेवली तर सेवा खोळंबते. कित्येक क्लस्टरमध्ये संशयित यंत्राचा वीजपुरवठाच तोडून मग काम दुसरीकडे नेले जाते, ते याच कारणामुळे.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी दोन सर्व्हरची क्लस्टर-व्यवस्था आणली. त्याच दशकाच्या अखेरीस लिनक्ससाठी ‘हार्टबीट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आले. पूर्वी मोठ्या संस्थांपुरते मर्यादित असलेले हे तंत्र लहान कार्यालयांच्या आवाक्यात आले.

४. मुंबईतील अनुभव

मुंबईच्या शेअर व्यवहारांत हे तंत्र लवकर पोहोचले. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू केले, ते स्ट्रॅटस कंपनीच्या दोषसहिष्णू संगणकांवर. मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ यंत्रणा १९९५ मध्ये सुरू झाली, ती टँडेमच्या संगणकांवर. दलालांच्या आरोळ्यांची जागा अखंड चालणाऱ्या यंत्रांनी घेतली.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबवण्यात आले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड होऊन जोखीम-व्यवस्थापन यंत्रणेवर परिणाम झाला, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पर्यायी केंद्र अस्तित्वात होते. परंतु कामकाज तेथे हलवण्यात आले नाही. बाजार त्या दिवशी उघडणार नाही असे समजून अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवले. त्यानंतर दुपारी पावणेचार वाजता व्यवहार पुन्हा सुरू झाले व वेळ पाचपर्यंत वाढवण्यात आली. यंत्र हजर होते, निर्णय हजर नव्हता. मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’ने नियम घालून दिला : महत्त्वाची यंत्रणा विस्कळीत झाल्यास ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पर्यायी केंद्राकडे न्यावे.

याच्या नेमके उलट उदाहरण २१ ऑक्टोबर २०१८ चे आहे. अमेरिकेतील ‘गिटहब’च्या केंद्रांमधील संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने बहुमताचा नियम पाळून मुख्य डेटाबेसचे काम पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर नेले. मात्र पूर्वेकडील शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेकडे पोहोचलेल्या नव्हत्या. दोन्हींचा मेळ घालताना सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. येथे निर्णय नियमाप्रमाणे झाला, पण तो फार लवकर झाला.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे दिसते की, अखंड सेवेची व्यवस्था उभारणे हा केवळ यंत्रखरेदीचा विषय नाही. किती वेळ वाट पाहायची, माहितीची अचूकता आणि सेवेचे सातत्य यांपैकी कशाला प्राधान्य द्यायचे आणि बदलाचा आदेश कोणाचा, हे संस्थेने शांत काळात लेखी ठरवून ठेवावे लागते. त्याचबरोबर त्याचा सरावही करावा लागतो. २ मार्च २०२४ या शनिवारी मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांनी विशेष सत्र घेऊन प्रत्यक्ष व्यवहार पर्यायी केंद्रावरून चालवून पाहिले, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. वर्षानुवर्षे न वापरलेले राखीव यंत्र संकटाच्या वेळी चालेल की नाही, याची खात्री कोणालाच नसते. आणि ज्यावर विश्वास नाही ते यंत्र वापरण्याचा आदेश देण्यास कोणी धजावत नाही. सरावाने यंत्राची परीक्षा होते, तसेच आदेश देणाऱ्याचे धैर्यही तयार होते.